उंबऱ्यात नसलेली नऊ माणसं

त्या पावसाळ्यात आमची पलटण बेळगावात होती. मी नायब सुभेदार होतो आणि नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. बेळगाव म्हणजे माझं घरच. गाव खानापूर तालुक्यात, सासुरवाडी हिंडलग्यात. उभी हयात बर्फात आणि जंगलात काढल्यावर शेवटची पोस्टिंग घरच्या अंगणात मिळाली म्हणून बायको खूश होती. निपाणीकडच्या पुरात मदतीला जवानांचा कॉलम पाठवायचा हुकूम आला, तेव्हा मी तिला म्हटलं, दोन दिवसांत येतो. पूर आम्ही पाहिलेले होते. बोटी तपासल्या, इंजिनं चालवून पाहिली, दोर मोजले आणि झोपलो.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण झालं वडगावातलं एक व्याख्यान. मागल्या महिन्यात तिथल्या वाचनालयात एक निवृत्त वकील बोलले. विषय होता, सरकार नसताना समाज शांततेनं राहू शकतो का. वक्ते अभ्यासू, आवाज चांगला. शेवटी त्यांनी उदाहरण दिलं ते निपाणी भागातल्या एका गावाचं. पुरात ते गाव दोन दिवस तुटलं होतं. पोलीस नाही, तलाठी नाही, कुठलाच साहेब नाही. तरी एक चोरी नाही, एक मारामारी नाही, कुणी रांग मोडली नाही. मग सरकार हवं कशाला, असं विचारून ते बसले. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. उठून दोन शब्द बोलावं असं वाटलं, पण तोंडात शिव्याच येत होत्या, म्हणून चप्पल घालून बाहेर पडलो.

कारण त्या गावात पहिली बोट आमची पोचली होती. वकीलसाहेब बोलले त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. म्हणून तर किळस येते.

गावाचं नाव मी लिहीत नाही. ते गाव इतर गावांहून वाईट नाही. माझ्या गावाहूनही नाही.

सकाळी साडेपाचला फॉल इन झालं. एक ऑफिसर, मी, चौदा जवान, दोन रबरी बोटी. कॅप्टनसाहेब पंजाबकडचे, वय सव्वीस, स्वभावानं सरळ. हायवे सोडून आत वळलो तिथून पुढं दोन मैलांवर रस्ता पाण्यात गेला होता. नऊ चाळीसला बोटी उतरवल्या. पहिल्या बोटीचं इंजिन नाईक परशराम गावडेकडं होतं. हा कणकुंबीचा. जंगलात वाढलेला, पाण्याला न भिणारा, बोलायला थोडा जास्त. पलटणीत बोटीचा असा दुसरा हात नव्हता. तीन वर्षांत त्यानं माझ्या हाताखाली एकदाही हुकूम मोडला नव्हता. गप्पांबद्दल मात्र मी त्याला रोज झापायचो.

गाव उंचवट्यावर चढून बसलं होतं. खालच्या दोन गल्ल्या पाण्यात, वर शाळा आणि देऊळ कोरडं. आम्ही उतरलो तेव्हा कुणी धावत आलं नाही, कुणी रडलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात चुली पेटल्या होत्या. सगळ्यांच्या घरचं पीठ एका जागी ओतलं होतं. दारूच्या दुकानाला कुलूप घालून किल्ली देवळात ठेवली होती. पाळीपाळीनं पहारा चालू होता. शाळेच्या फळ्यावर खडूनं यादी होती, गल्लीवार, घरवार. कोण आधी जेवणार, कोण आधी बाहेर जाणार, सगळं लिहिलेलं. हे सगळं चालवत होते आप्पा. गावातले वडीलधारे, शाळेत मास्तर होते म्हणे. पांढरा शर्ट, वर खोचलेलं धोतर, आवाज हळू. आप्पांनी मान हलवली की माणूस उठायचा, मान हलवली की बसायचा.

शाळेच्या भिंतीला एक मोठी काहील टेकवून ठेवली होती. गुऱ्हाळात रस उकळायची असते ती, लोखंडी, पसरट. आमच्याकडं पुरात काहिलीची होडी करतात. त्या काहिलीतूनच खालच्या गल्ल्यांमधली माणसं दोन दिवसांत वर आणली होती. एकही माणूस गेला नव्हता. मला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. कॅप्टनसाहेबांना मी म्हटलं, "सर, ये हमारे इधर के लोग हैं." साहेब हसले. म्हणाले, "साब, आप लोकल हो. हेडकाउंट आप लीजिए."

इथं एक सांगितलं पाहिजे. आमच्या भागात गाव स्वतःला मोजतं ते माणसांत नाही, उंबऱ्यांत. एक उंबरा म्हणजे एक घर. जत्रेची पट्टी उंबऱ्यामागं, नैवेद्य उंबऱ्यामागं, बैठकीला उंबऱ्यामागं एक माणूस. भाड्यानं राहणारा, कामाला आलेला, शेतावर झोपडी घालून राहिलेला, हा उंबऱ्यात येत नाही. त्याला पट्टी नाही, त्याला बैठक नाही. तो भांडायला येत नाही, कारण भांडायला उभं राहायलाही त्याला जागा नसते. लहानपणापासून मी हे पाहत आलोय. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

तर मी आप्पांना आमच्या पद्धतीनं विचारलं.

"आप्पा, उंबरे किती?"

"फळ्यावर हाईत बघा सगळी."

"आणि सगळे लागले का हाताला?"

"सगळी. एक बी उंबरा ऱ्हायला न्हाय."

मी फळ्यावरून वहीत उतरवून घेतलं, घर आणि घरातली डोकी. चौथीतल्या पोराला जमेल असं काम. पण हेडकाउंट म्हणजे डोकी मोजणं, आणि डोकी फळ्यावरून मोजत नाहीत. दहा जणांची सेक्शन असो की हजाराची पलटण, आम्ही माणसं उभी करून मोजतो. नवा रिक्रूटही ही चूक करत नाही. मी केली, कारण मी लोकल होतो.

आजारी, म्हातारी आणि दिवस गेलेल्या बाया बाहेर न्यायच्या होत्या. बारा पन्नासला शेवटची फेरी संपली. कॅप्टनसाहेब बोटी उतरवल्या त्या काठावर होते, त्यांना मी रेडिओवर रिपोर्ट दिला; साहेब टायगर, मी टायगर वन.

"टायगर, टायगर वन. इव्हॅक्युएशन कम्प्लीट. ऑल अकाउंटेड फॉर. ओव्हर."

"टायगर. वेल डन. ओव्हर."

जवान जेवायला बसले. गावानं भाकरी आणि झुणका वाढला. आग्रह करून वाढला. सव्वादोनला एक आक्का चहाची किटली घेऊन माझ्याकडं आली. पन्नाशीची असावी. तिनं चहा ओतला आणि डोळे वर न करता विचारलं, "साहेब, गुऱ्हाळातली माणसं आणलासा न्हवं?"

"कुठलं गुऱ्हाळ?"

"वड्याच्या पल्याडचं. ऊस हाय न्हवं, त्येच्या मागं. काल दिवस मावळंपातूर हाका मारत हुती. आज काय आयकू आलं न्हाय."

मी चहा खाली ठेवला. आप्पा दहा पावलांवर होते.

"आप्पा, ओढ्यापलीकडं गुऱ्हाळात माणसं आहेत?"

"ती व्हय? हाईत की. तीन जोडपी, एक म्हातारा आणि दोन पोरं. भांगलणीला आल्याती, बंद गुऱ्हाळात ऱ्हात्यात."

म्हणजे तण काढायला आलेल्या त्या मजुरांचा आकडासुद्धा त्यांना पाठ होता.

"मघाशी मी विचारलं तेव्हा बोलला नाहीत?"

"तुम्ही उंबरं इचारलासा. ती उंबऱ्यात न्हाईत, साहेब." आप्पा चिडले नाहीत, गोंधळले नाहीत. पोराला गणित समजवावं तसं समजावत होते. "ती काय गावची न्हवंत."

"ही काहील कुठली?"

"त्याच गुऱ्हाळातली. परवा आणली पोरांनी. आदी गाव काढू, मग तुमास्नी न्हेतो, असं सांगून आणलती. मग वड्याला वढ लागली. कोण जाणार?"

शेजारी वीसेक माणसं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. कुणाची मान खाली गेली नाही. एकानं तर तंबाखू मळता मळता मान डोलावली. सीमाभागातला असल्यानं माझ्या मनात पहिल्यांदा आलं की भाषेची भानगड असेल. तीही नव्हती. ती माणसं मराठीच बोलत होती, हे मला अर्ध्या तासात कळणार होतं.

कॅप्टनसाहेबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कितने?"

"नौ, सर."

"गो."

दोन पंचवीसला बोट सुटली. परशराम, लान्स नाईक भैरू आणि मी. ओढा कुठला आणि नदी कुठली हे ओळखता येत नव्हतं. उसातून जाताना पाल्यात इंजिनाचा पंखा अडकायला लागला. परशरामनं इंजिन वर उचललं आणि आम्ही वल्ही मारत गेलो. गुऱ्हाळाच्या भिंती मातीच्या, वर पत्रा. पाणी भिंतीच्या निम्म्याच्या वर. नऊही माणसं पत्र्याखालच्या तुळईवर एकमेकांना धरून बसली होती. दोन दिवस आणि दोन रात्री. आम्हाला बघून त्यांनी ओरडा केला नाही. त्यांचा आवाज गेला होता.

पहिल्या फेरीत तीन बाया आणि दोन पोरं घेतली. परशराम एकेकाला काखेत धरून खाली घेत होता आणि प्रत्येकाला विचारत होता, "नाव काय तुमचं? हां. या, घाबरू नका." पुढचा, "नाव काय?" मी ओरडलो, "गावडे, गप्पा नंतर!"

"साब, नावानं बोलावलं की माणूस हात सोडतंय," तो म्हणाला. खरं होतं. तुळईला घट्ट धरलेले हात नाव घेतल्यावरच सुटत होते. त्या गडबडीत, पाण्याच्या आवाजात मला किंवा भैरूला एकही नाव ऐकू आलं नाही.

दोन पंचावन्नला शाळेच्या पायरीला लागलो. गावातल्या बाया धावत आल्या. घोंगड्या आणल्या, गरम दूध आणलं, एकीनं स्वतःच्या पोराचा स्वेटर काढून त्यातल्या एका पोराला घातला. कुणी "अगं बाई गं" म्हणून डोळे पुसले. मी बघतच राहिलो. ही माणसं दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं.

तीन दहाला पुन्हा गेलो. तीन गडी भराभर उतरले. राहिला म्हातारा. त्याचे पाय सुजले होते, तो तुळई सोडेना. परशरामनं मला विचारलं नाही. अंगातलं लाइफ जॅकेट काढून त्यानं भैरूकडं दिलं, भिंतीवर चढला, म्हाताऱ्याजवळ गेला, काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यानं उत्तर दिलं. मग हात सोडला. परशरामनं त्याला बोटीत सोडलं, भैरूनं जॅकेट म्हाताऱ्याच्या अंगात घातलं. जॅकेट काढणं नियमात बसत नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि भिंत पायाकडून बसली. तुळई आणि पत्रा एकदमच खाली आला. तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. दोर दोनदा टाकला. भैरू उडी मारायला निघाला, त्याला मी पट्ट्याला धरून खाली पाडला. बोटीत नुकतीच उतरवलेली चार माणसं होती.

"टायगर, टायगर वन. वन मॅन मिसिंग. ओव्हर."

"सिव्हिलियन? ओव्हर."

"नो, सर. गावडे. ओव्हर."

साहेब म्हणाले, "लोगों को स्कूल छोड़ो. दूसरी बोट भेजता हूँ. आउट."

अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पाणी दोन फूट उतरलं तेव्हा परशराम सापडला, गुऱ्हाळापासून दोन शेतं पुढं, उसात.

त्याच दुपारी रस्ता मोकळा झाला आणि सरकार आलं. जीपगाड्या, कागद, छत्र्या. पंचनामा सुरू झाला. जीपमधून आलेल्या साहेबांनी विचारलं, गुऱ्हाळात माणसं अडकल्याचं गावाला केव्हा कळलं. आप्पा म्हणाले, "गावाला ठाऊक न्हवतं. ठाऊक असतं तर सोडलं असतं का?" मागच्या माणसांनी माना डोलावल्या. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, शब्दाला शब्द जुळत होता. कुणी कुणाला दटावलं नव्हतं, कुणी बैठक घेतली नव्हती. आदल्या दोन दिवसांत जसं सगळं ठरत होतं तसंच हेही ठरलं होतं. मी त्या आक्काला पुढं बोलावलं. म्हटलं, "आक्का, काल मला काय सांगितलंत ते साहेबांना सांगा." तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं बघितलं, आणि म्हणाली, "म्या कुटं काय बोलले? मला ठाव न्हाय."

नोकरीत मी गोळीबार पाहिलाय, तुटलेले पाय पाहिलेत, बर्फातून काढलेली माणसं पाहिलीत. ओकारी आली ती त्या शाळेच्या व्हरांड्यात. मागं जाऊन ओकलो, तोंड धुतलं आणि परत येऊन उभा राहिलो.

मी जबानी दिली. आप्पांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. माझ्या बाजूनं भैरू, जेवायला बसल्या जागी त्यानं ते ऐकलं होतं, आणि त्यांच्या बाजूनं अख्खं गाव. त्या नऊजणांना विचारायला गेलो, तर ती पहिल्या ट्रकनं निघून गेली होती. कुठं, कुणालाच सांगता येईना. त्यांचं रेशनकार्ड तिथलं नव्हतं, मतदार यादीत नाव नव्हतं. म्हणजे सरकारच्या वहीतही ती नव्हतीच, हे मी कबूल करतो. सरकार आलं म्हणजे न्याय आला असं सांगायला मी बसलेलो नाही. फरक एवढाच बघितला की जीपमधून उतरलेल्या माणसाला टेबल आपटून विचारता येतं, तू काल कुठं होतास. गावाच्या त्या शांततेला कोण विचारणार? तिथं कुणी हुकूम दिलेला नव्हता, म्हणून कुणी गुन्हेगारही नव्हतं. नऊ माणसं हाका मारत होती आणि गाव रांगेत, शिस्तीत, पीठ वाटून घेत ऐकत होतं. वकीलसाहेबांनी ह्यालाच शांतता म्हटलं आणि लोकांनी टाळ्या दिल्या.

पलटणीत कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. विचारलं, हेडकाउंट कुणी घेतला. मी म्हटलं, मी घेतला. फळ्यावरून घेतला. डोकी मोजली असती, निदान "उंबऱ्याबाहेर कोण आहे" एवढं विचारलं असतं, तर दहा वाजता निघालो असतो. तेव्हा पाणी हातभर कमी होतं आणि भिंत उभी राहिली असती. माझ्या कागदावर शेरा पडला. तो बरोबर होता. गावाची किळस येते असं मी म्हणतो तेव्हा त्यात माझा वाटा धरून म्हणतो.

पुढच्या वर्षी गावानं परशरामच्या नावाची कमान बांधली. वर लिहिलं, गावाच्या रक्षणासाठी प्राण वेचलेले वीर. मला नारळ फोडायला बोलावलं. मी गेलो नाही. परशराम गावाच्या रक्षणासाठी गेला नव्हता.

त्याला घरी कणकुंबीला नेलं तेव्हा मी गाडीत सोबत होतो. सलामी झाली, घडी घातलेला झेंडा मी त्याच्या वडिलांच्या हातात दिला. अण्णा सत्तरीचे, काटक, गुरं राखणारे. तीन दिवस मी तिथंच राहिलो. मी निघताना म्हणाले, "किती माणसं वाचली?"

"नऊ, अण्णा."

"कोण कोण?"

तीन बाया, दोन पोरं, चार गडी, त्यातला एक म्हातारा, एवढंच मला येत होतं.

"नावं सांगा की," अण्णा म्हणाले. "देवापुढं रोज घेईन म्हनतो. पोरगं त्येंच्यात गेलंय."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी दरवर्षी कणकुंबीला जातो. निपाणी, चिकोडी, पलीकडं कागल, जिथं जिथं भांगलणीच्या टोळ्या उतरतात तिथं मी विचारून आलो. अण्णा दर वेळी चहा देतात आणि विचारतात, गावलं का एखादं नाव. मी म्हणतो, नाही. ती नऊ नावं एका माणसानं विचारून घेतली होती. नाईक परशराम गावडे, राहणार कणकुंबी.